सोनबाचं ते

सोनबा लोहाराला इंग्रजीचे तीन शब्द येत होते. लढाईच्या दिवसांत तो देहूरोडच्या छावणीत खेचरांना नाल ठोकायला जायचा, तेव्हा एका गोऱ्या सार्जंटाच्या तोंडून ते त्याच्या कानावर पडले होते. पहिला ‘कम’, म्हणजे ये. दुसरा ‘डॉग’, म्हणजे सार्जंटाच्या पायाशी बसून लाळ गाळणारं ते जनावर. तिसरा शब्द सार्जंट चिडला की खेचराला, खिळ्याला, पावसाला आणि अधूनमधून सोनबालाही उद्देशून वापरायचा. तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. सोनबाला ते नुसत्या सुरावरून कळलं होतं, आणि पुढे छावणीतल्या खानसाम्याने अर्थ सांगून खात्रीही करून दिली.

एवढ्या भांडवलावर हा गडी १९५७ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पिंपरीच्या एका पंपाच्या कारखान्यात चिकटला. तेव्हा मुंबई रस्त्याच्या कडेने जोंधळ्याच्या रानात एकेक शेड उभी राहत होती. सोनबाला तिकडे पोटाने नेलं नाही. कुरुळीत त्याचा भाता बरा चालला होता. पण गावच्या एका विहिरीवर नवा पंप बसवायला माणसं आली, त्यांनी पंपाचा लांबलचक शाफ्ट ओट्यावर ठेवला आणि सोनबाने तो सहज हात लावून पाहिला. लोखंड इतकं गुळगुळीत असू शकतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्यात त्याच्या मिशा दिसत होत्या. त्या रात्री तो बायकोला, छबूबाईला म्हणाला, “ज्या यंत्रानं ह्ये केलं, त्ये यंत्र मला बघायचंय.” पंधरा दिवसांत ऐरण धाकट्या भावाच्या स्वाधीन करून तो चिंचवडला खोली घेऊन राहिला.

ते यंत्र म्हणजे लेथ. दोन टोकांत लोखंड धरायचं, गरगर फिरवायचं आणि हत्याराचं टोक लावून सोलायचं. सोनबा पहिल्या दिवशी नुसता बघत उभा राहिला. मदतनीस म्हणून लागला होता, काम काय तर लोखंडाचा कीस झाडायचा आणि यंत्राला तेल घालायचं. पण सहा महिन्यांत त्याला यंत्राचा आवाज कळायला लागला. हत्याराची धार गेली की तो पाठमोरा असतानाच सांगायचा. वर्षाच्या आत लेथ चालवणारे टर्नर लोक अडलं की त्यालाच हाक मारू लागले, आणि मग त्याने ‘ते’ केलं.

झालं असं, की तयार झालेले लांब शाफ्ट भिंतीला टेकवून ठेवत आणि आठवड्याभरात ते केसभर वाकत. सोनबाने भिंतीवर उंच एक आडवी पट्टी ठोकली, तिच्यातून दोन दोन खुंट्या पुढे काढल्या, आणि शाफ्टला वरच्या टोकाशी जी बारीक मान असते ती त्या दोन खुंट्यांच्या मध्ये अडकवून दिली. शाफ्ट सरळ लोंबू लागले. वाकणं थांबलं. त्या वस्तूला नाव नव्हतं, म्हणून सगळे तिला ‘सोनबाचं ते’ म्हणत. “शाफ्ट कुठं ठिवू?” “ठेव सोनबाच्या त्याच्यावर.” असं चाललं होतं.

पण हाताने कितीही येत असलं तरी टर्नर व्हायचं तर परीक्षा होती, आणि परीक्षा नावांची होती. कारखान्याच्या सगळ्या चित्रांवरची नावं इंग्रजीत. शॉपचे मुख्य अर्जुनराव रेल्वेच्या वर्कशॉपात केस पांढरे करून आलेले होते आणि ते या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. त्यांचंही बरोबर होतं. शॉपमध्ये लातूरकडचे, कोकणातले, मावळातले लोक. एकाच वस्तूला तिघं तीन नावं ठेवायचे आणि भलतीच वस्तू हातात द्यायचे. म्हणून त्यांनी चाळीस इंग्रजी नावांचा कागद काढला होता. त्यातली कोणतीही दहा विचारायची, वस्तूवर बोट ठेवून दाखवायची, दहाच्या दहा बरोबर आली पाहिजेत. “फिरत्या यंत्राशी नऊ बरोबर आणि एक चूक म्हणजे एक बोट कमी,” असं ते म्हणत. तीन वेळा नापास झाला तर त्या माणसाने मशीनशॉप सोडायचं आणि यार्डात जायचं, माल उतरवायला.

पहिल्या परीक्षेत अर्जुनरावांनी लेथसमोर उभं राहून विचारलं, “सोनबा, डॉग कुठाय?”

सोनबाचा जीव भांड्यात पडला. हा तर त्याच्या तिनांतला शब्द! त्याने वळून पाहिलं, तर खरोखरच शेडच्या दारात एक पिवळं कुत्रं पसरलेलं होतं. परीक्षेच्या वेळी आत कुत्रं असलेलं साहेबांना खपत नसणार, हे त्याने ओळखलं, धावत जाऊन त्याला हाकललं आणि परत येऊन अदबीने म्हणाला, “घालिवलं साहेब.”

शेड हसून हसून लोळायची बाकी राहिली. यंत्रावरच्या लोखंडाला घट्ट पकडून फिरवणारा जो तुकडा असतो, त्याला डॉग म्हणतात, हे भैरू नावाच्या टर्नरने डोळे पुसत पुसत सांगितलं. तेव्हापासून सोनबा दिसला की भैरू “हाड, हाड” करायचा. दुसऱ्या परीक्षेत सोनबाने बोटच उचललं नाही. आता उरली तिसरी, दीड महिन्यावर. सोनबाला यार्डाची भीती ओझ्याची नव्हती. घण मारलेला माणूस तो, पोती काय उचलणार नाही? पण यार्डातून लेथचा आवाज ऐकू येत राहणार आणि आपण तिला हात लावू शकणार नाही, ह्याची भीती होती.

पिंपरीच्या शाळेत सुमनताई नावाच्या बाई संध्याकाळी सहा ते सात प्रौढांचा वर्ग चालवत. पुण्याच्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, इंग्रजीवर जीव असलेल्या. सोनबा पहिल्या पाळीचं काम आटोपून, हातपाय धुऊन त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि तो चाळीस नावांचा कागद त्याने पुढे केला.

“मामा, मला यंत्रातलं अक्षरही कळत नाही,” बाई म्हणाल्या.

“मला यंत्रातलं समदं कळतं बाई. अक्षरच कळत न्हाई.”

बाई हसल्या आणि कागद वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली. “बेड म्हणजे बिछाना. सॅडल म्हणजे घोड्याचं खोगीर. एप्रन म्हणजे स्वयंपाक करताना पुढे बांधायचं फडकं. जॉ म्हणजे जबडा. नेक म्हणजे मान. वर्म म्हणजे किडा. क्रेन म्हणजे करकोचा, तो लांब मानेचा पक्षी. मामा, हा कागद नक्की कारखान्याचाच आहे ना? यात माजघर, तबेला आणि पाखरं एकत्र केलीत कुणीतरी.”

सोनबा मात्र उठला. त्याने बाईंच्या हातातला खडू मागून घेतला आणि फळ्यावर लेथ काढली. चित्र बरं नव्हतं पण कुठेही खोटं नव्हतं.

“ह्यो लांब पाट बगा. समदं यंत्र ह्याच्यावर निजल्यावानी पडल्यालं हाय. ह्यो बिछाना व्हय. आन् त्याच्यावर ह्ये दोन्हीकडं पाय टाकून बसल्यालं, पुढं-मागं सरकणारं. ह्ये खोगीर.” त्याचा खडू भराभर फिरू लागला. “त्याच्या पुढं ही पत्र्यागत लोंबती प्लेट. भट्टीपुढं बसताना मी कमरंला चामडं बांधायचो, तसंच. ह्यो जबडा, ह्यो लोखंड चावून धरतो. आन् वरनं माल उचलणारं त्ये लांब मानेचं धूड…”

“करकोचा!” बाई ओरडल्याच.

बाईंकडे अर्थ होते आणि वस्तू नव्हत्या, सोनबाकडे वस्तू होत्या आणि अर्थ नव्हते. बाईंनी लगेच वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे बाईंनी अर्थ लिहायचा, उजवीकडे सोनबाने सांगितलेली वस्तू.

“मग कुत्रं?” सोनबाने हळूच विचारलं. तो शब्द त्याच्या जिव्हारी होता.

“तुम्हीच सांगा.”

सोनबाने मुठीने दुसऱ्या हाताचं मनगट पकडलं, क्षणभर ते तसंच धरून बसला. “धरलं की सोडत न्हाई,” तो म्हणाला. “बाई, ज्यानं ह्ये नाव ठिवलं त्यो साहेब न्हवता.”

“मग कोण होता?”

“लोहार व्हता. आमच्यातलाच. त्याच्या दारात कुत्रं व्हतं, बाहेर घोडं व्हतं, आन् हातात नवी वस्तू व्हती, तिला नाव न्हवतं. मग त्यानं काय केलं? इकडं तिकडं बघितलं आन् जे दिसलं त्ये लावून टाकलं!”

बाईंना कॉलेजात शिकवलं होतं, की शास्त्रातले शब्द पंडित लोक ग्रीक आणि लॅटिन भाषांतून घडवतात. तसेही होतेच त्या कागदावर. ‘सेंट्रिफ्यूगल’ शब्दाची त्यांनी त्याला फोड करून दाखवली: मध्य आणि पळणं, मध्यापासून दूर पळणारं. सोनबाने डोळे मिटून पंपाच्या पोटातलं पाणी आठवलं, पाती फिरतात आणि पाणी मध्यातून कडेला पळतं. “ब्येस केलाय,” तो म्हणाला, “ह्यो पंडितबी कामाला हात लावल्याला दिसतोय.” ही शाबासकी लॅटिनला यापूर्वी कुणी दिली नसेल.

स्क्रूच्या आट्यांच्या एका जातीचं नाव ‘व्हिटवर्थ’ निघालं. बाईंनी डिक्शनरी उलटीपालटी केली आणि सांगितलं, की हे तर कुणा माणसाचं आडनाव असावं. सोनबाला त्याचंही नवल वाटलं नाही. कुरुळीत अजून चांगल्या विळ्याला ‘दगडूचा विळा’ म्हणत, आणि तो दगडू लोहार जाऊन तीस वर्षं झाली होती. ‘डेड सेंटर’ म्हणजे मेलेला मध्य, हे सांगताना बाई जरा अडखळल्या. सोनबा मात्र खूश. लेथच्या दोन टोकांपैकी एक लोखंडाबरोबर फिरतं, ते जितं. दुसरं नुसतं टोचून उभं राहतं, ते मेलेलं. “आन् बाई, तेल त्या मेल्यालाच जास्ती लागतं. न्हाई घातलं तर जळून जातं.”

मग तो घरी जाताना आपली नावं मोजू लागला. करवतीला दात, कढईला कान, मोटेला सोंड, बंदुकीला घोडा, बिजागरीला नर आणि मादी. गाडीच्या चाकाच्या मधल्या गोळ्याला तुंबा म्हणतात, आणि तुंबा तर वेलीला लागतो. चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात, कारण ती धावते. उभा जन्म त्याने ही नावं तोंडात घोळवली होती आणि ती कुणी ठेवली हे एकदाही मनात आलं नव्हतं. सात समुद्रांपलीकडचा, कोळशाने काळा झालेला, नाव-गाव नसलेला तो लोहार त्याला आता अगदी जवळचा वाटू लागला. आपल्याला जे सुचलं असतं तेच त्याला सुचलं होतं. सोनबाला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःचंही.

सत्ताविसाव्या शब्दाशी मात्र गाडं अडलं. बाईंनी शब्द वाचला, डिक्शनरीत पाहिला, आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि कागदावर ती ओळ दोनदा गिरवून खोडून टाकली.

“काय झालं बाई?”

“काही नाही. छापताना चूक झालीय. सोडून द्या हा.”

सोनबाने सोडून दिला. बाई सांगतात म्हटल्यावर चूकच असणार. राहिलेले एकोणचाळीस त्याने असे पाठ केले, की खोलीशेजारचे लोक सकाळी त्याच्या ‘हेडस्टॉक, टेलस्टॉक’च्या जपाने उठू लागले.

परीक्षेच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये गर्दी जमली. कुणी मुद्दाम बोलावलं नव्हतं, पण मागच्या वेळची मजा सगळ्यांच्या ध्यानात होती. भैरूने दाराकडे बघून “हाड” केलं आणि चारपाच जण फिदीफिदी हसले. अर्जुनराव आले तसे सगळे बाजूला सरकले.

“सॅडल.” सोनबाने खोगिरावर हात ठेवला. “एप्रन.” ठेवला. “डेड सेंटर.” त्याने बोट दाखवलं आणि सवयीने तेलाचा थेंबही सोडला. “डॉग.” ह्यावेळी सोनबाने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉग काढून त्याने अर्जुनरावांच्या हातात दिला. गर्दीतून कुणीतरी “आयला” म्हणालं. असे नऊ झाले.

अर्जुनराव बाजूच्या बाकाकडे वळले. तिथे तीन कानशी ओळीने मांडल्या होत्या. ते बाकापाशी उभे राहिले, आपल्या कागदावर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, “बास्टर्ड.”

आता तो शब्द लिहिल्यावाचून माझीही सुटका नाही. सोनबाच्या तिनांतला तिसरा शब्द तो हाच.

सोनबाच्या डोक्यात घण पडल्यासारखं झालं. तेरा-चौदा वर्षांनी तो शब्द, तोही सगळ्या शेडसमोर, आणि ज्यांना तो मनातून मानत होता त्या माणसाच्या तोंडून! छावणीत त्याने ऐकून घेतलं होतं. तेव्हा राज्य गोऱ्यांचं होतं. आता का ऐकायचं? एक पाऊल पुढे टाकायचं, दोन शब्द कुरुळीचे ऐकवायचे आणि चालू लागायचं, यार्डातसुद्धा नको, सरळ घरी.

पण अर्जुनरावांचा हात पुढे होता. तळवा वर करून, एखादी वस्तू मागावी तसा. सार्जंटाने तो शब्द म्हणताना कधी असा हात पुढे केला नव्हता. आणि अर्जुनरावांच्या चेहऱ्यावर राग तर सोडाच, जांभई येण्याच्या बेतात होती.

सोनबाला बाईंचे लाल झालेले कान आठवले. निळी पेन्सिल आठवली. छापताना चूक नव्हती तर! बाईंनी लाजेने खोडला तो शब्द हाच.

म्हणजे शिवी नव्हे, नाव. त्या तिकडच्या लोहाराने दारातलं कुत्रं उचलून यंत्रावर बसवलं, घोड्याचं खोगीर आणलं, मेलेल्यालाही कामाला लावलं; तो ह्याला बरा सोडेल? सोनबाने तीन कानशींकडे पाहिलं. आता तो घाबरलेला नव्हता. आपल्या गावातल्या एखाद्या थट्टेखोर म्हाताऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखावं, तसा तो त्या लोहाराच्या मनात शिरू पाहत होता. लग्नाच्या बायकोचा नाही आणि परकाही नाही. आपल्याकडे त्याला लेकावळा म्हणायचे. पंगतीत बसायला गेला तर या पानावर नाही, त्या पानावर नाही, मधेच कुठेतरी.

त्याने पहिल्या कानशीवरून अंगठा फिरवला. जाड दात, खरडून काढायची. तिसरीवरून फिरवला. बारीक दात, शेवटचा हात मारायची. मधली ना धड जाड, ना धड बारीक. ती त्याने उचलली आणि अर्जुनरावांच्या तळव्यावर ठेवली.

अर्जुनरावांनी ती उलटसुलट केली. “दहा,” ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष सोनबाच्या हातातल्या कागदावरच्या निळ्या पेन्सिलीने खोडलेल्या ओळीकडे गेलं. “हा शब्द तर खोडलाय. कुणी शिकवला?”

“कुणी न्हाई साहेब. बाईंना लाज वाटली.”

“मग ओळखलास कसा?”

“तुमी मला शिवी दिली असं वाटलं आदी,” सोनबा म्हणाला. “मग म्हनलं, ज्यानं कुत्र्याला कामाला लावलं, त्यो ह्यालाबी लावल. ह्या घरचा न्हाई, त्या घरचा न्हाई. म्हंजी मधली.”

अर्जुनराव असे मोठ्याने हसले, की त्यांना हसताना कधी न पाहिलेले लोक दचकले. “बावीस वर्षं,” ते डोळे पुसत म्हणाले, “बावीस वर्षं मी ही कानस मागतोय रे. असं का म्हणतात हा विचार एकदाही केला नाही.” त्यांनी सोनबाच्या खांद्यावर हात ठेवला. भैरू मागून म्हणाला, “सोनबाभाऊ, आपन हारलो राव,” आणि त्या दिवसापासून त्याने हाड-हाड सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात अर्जुनरावांनी टर्नर सोनबाला चित्रं काढणाऱ्या खोलीत बोलावलं. दुसऱ्या शेडला ‘सोनबाचं ते’ हवं होतं, दहा नग. ड्राफ्ट्समनने चित्र सुंदर काढलं होतं, पण नावाची चौकट रिकामी होती. ‘सोनबाचं ते’ असं तर लिहिता येत नाही. त्याने एक नाव योजून ठेवलं होतं, सहा शब्दांचं. ते चौकटीत मावत नव्हतं.

“तू केलंस. तूच सांग,” अर्जुनराव म्हणाले.

सोनबाने चित्राकडे पाहिलं. आडवी पट्टी, पुढे आलेल्या दोन खुंट्या, मधे अडकलेली मान. सांगायला त्याला वेळ लागला नाही. तो इकडे तिकडे बघत होता आणि मनाने कुरुळीत, आपल्या भात्यापुढच्या अंगणात होता. तिथे दुरुस्तीला आलेलं एक जू भिंतीला टेकलेलं असायचंच.

“शिवळ,” तो म्हणाला.

ड्राफ्ट्समन पुण्याचा होता. “हा इंग्रजी शब्द नाही,” तो म्हणाला.

“क्रेन तरी यंत्राचा शब्द कुठे होता? पाखरूच होतं,” अर्जुनराव म्हणाले. “लिही. चौकटीत मावतोय बघ.”

त्या संध्याकाळी, परीक्षेनंतर पहिल्यांदाच, सोनबा निळ्या चित्राची एक प्रत घेऊन वर्गात गेला. बाईंनी आधी परीक्षेची हकिगत ऐकली. सत्ताविसाव्या शब्दाशी येताच त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. “मामा, माझ्या लाजेपायी तुमचं यंत्र गेलं असतं हो. मला माफ करा.”

“गेलं न्हाई ना? मग कशाला? तुमी खोडला म्हनूनच त्यो मला कळला.” त्याने चित्र पुढे सरकवलं. “ह्यो एक शब्द बगा जरा. नवा आलाय कारखान्यात.”

बाईंनी चौकटीतली अक्षरं वाचली. एस, एच, आय, व्ही, ए, एल. पुन्हा वाचली. त्यांनी डिक्शनरी उघडली, एसच्या पानांवरून बोट वरून खाली नेलं, पान उलटलं, परत मागे आल्या. एवढ्या दिवसांत त्यांना न सापडलेला हा पहिलाच शब्द होता. “लॅटिन असेल का?” त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि शेवटी त्यांनी मान वर केली. “मामा, मला नाही येत हा. डिक्शनरीतही नाहीये.”

“नसंल. आजच झालाय.”

“मग अर्थ काय ह्याचा?”

सोनबाने बाईंच्या हातातली वही घेतली. दीड महिना ती वही बाईंनीच लिहिली होती. त्याने नुसतं सांगितलं होतं. त्याने पेन्सिलचं टोक जिभेला लावलं, उभ्या रेघेच्या उजवीकडे शाफ्ट अडकवायच्या खुंट्यांचं चित्र काढलं, आणि डावीकडे, अर्थाच्या जागी, वर्गात शिकलेलं एकेक अक्षर सावकाश कोरल्यासारखं लिहिलं: ‘बैलाची मान जुवाखालून निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना लावतात ती खुंटी.’

मग वही बाईंकडे फिरवून तो म्हणाला, “म्हना बाई माझ्यामागं. शिवळ.”

“शिवळ,” बाई म्हणाल्या.